मुख्याध्यापकांचं संघटनकौशल्य आणि प्राथमिक शाळेची गुणवत्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने मुख्याध्यापक झालेले शिक्षक, शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

संघटनकौशल्य म्हणजे नेमकं काय?

माणसं, वेळ, जागा, पैसा आणि माहिती यांची सांगड घालून शाळेचा रोजचा दिवस सुरळीत चालवणं. पहिलीला कोणते शिक्षक द्यायचे, पुस्तकं कधी वाटून झाली पाहिजेत, गळणारं छप्पर पावसाआधी कोण बघणार, एखादं मूल आठवडाभर आलं नाही तर ते कोणाच्या लक्षात येणार, हे सगळं त्यात येतं.

रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ साली प्रशासकाच्या कौशल्यांचे तीन भाग पाडले होते: तांत्रिक, मानवी आणि संकल्पनात्मक. शाळेला ते आजही लागू पडतात. वेळापत्रक आणि अंदाजपत्रक बसवणं हे तांत्रिक. दोन शिक्षकांचं आपसांत पटत नसताना त्यांच्याकडून एका इयत्तेचं काम करून घेणं हे मानवी. आपल्या एका निर्णयाचा धक्का पुढे कुठे कुठे बसणार हे आधीच दिसणं, हे संकल्पनात्मक. वार्षिक कार्यक्रमाच्या तालमी महिनाभर दुपारी ठेवल्या, तर दुपारच्या तासिकांना लागलेलं गणित एकाच तुकडीचं महिनाभर बुडणार आहे, हे तालमी सुरू व्हायच्या आधी ओळखता आलं पाहिजे. माझ्या मते बहुतेक शाळांची गाडी या तिसऱ्या ठिकाणी अडते, आणि प्रशिक्षणं मात्र बहुतेक पहिल्या भागाचीच होतात.

म्हणजे ऑफिस टापटीप असलं की झालं?

नाही. फायली रंगवार लावलेल्या, भिंतीवर तक्ते, मस्टर अद्ययावत, आणि चौथीतल्या निम्म्या मुलांना परिच्छेद वाचता येत नाही, अशी शाळा असू शकते. संघटनकौशल्य तपासायचं असेल तर ऑफिसात बसून ते दिसत नाही. वर्गाच्या दाराशी उभं राहावं लागतं.

आणि गुणवत्ता म्हणजे काय धरायची? निकाल?

प्राथमिक शाळेत निकाल हा फार कच्चा माप आहे. खालच्या वर्गांत नापास फारसं कोणी होत नाही आणि पेपर बहुधा शाळाच काढते. त्यापेक्षा तीन-चार साध्या गोष्टी जास्त बोलक्या असतात. दुसरी-तिसरीपर्यंत मूल समजून वाचतं का? हातच्याची बेरीज-वजाबाकी स्वतःहून करतं का? रोज शाळेत येतं का? आणि वर्गात तोंड उघडायला घाबरतं का? यातलं शेवटचं मोजायला अवघड आहे म्हणून अहवालांतून गळतं, पण पालक पहिल्यांदा तेच सांगतात.

मुख्याध्यापक तर बहुतेक वेळा शिकवत नाहीत. मग मुलांच्या शिकण्यावर त्यांचा परिणाम होतो कसा?

आडून होतो. फिलिप हॉलिंगर आणि रोनाल्ड हेक यांनी नव्वदच्या दशकात उपलब्ध संशोधन चाळून हेच मांडलं होतं: मुख्याध्यापकांचा थेट परिणाम शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. शिक्षकांचं काम, वर्गाचा वेळ, शाळेचं वातावरण यांच्यामार्फत होणारा परिणाम मात्र सापडतो.

यातला सर्वांत कमी बोलला जाणारा दुवा म्हणजे वेळ. कागदावरच्या तासिका आणि प्रत्यक्ष शिकवलेला वेळ यांत मोठं अंतर असतं. आफ्रिकेतल्या सात देशांच्या प्राथमिक शाळांत अचानक भेटी देऊन केलेल्या पाहणीत, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, मुलांना दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपासच अध्यापन मिळत होतं, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. शिक्षक शाळेत यायचेच नाहीत हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की शाळेत आलेले शिक्षकही पुष्कळदा वर्गात नव्हते. शाळेत असलेला शिक्षक वर्गात का नाही, हा प्रश्न थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतो.

सुस्थितीतल्या शाळांतही गळती असते, फक्त ती बारीक असते. मॅथ्यू क्राफ्ट आणि मॅन्युएल मॉन्टी-नुसबॉम यांनी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या सरकारी शाळांत वर्गातले व्यत्यय मोजले. एका सर्वसाधारण वर्गात वर्षाला २,००० हून जास्त वेळा व्यत्यय येत होता: स्पीकरवरची घोषणा, वर्गातल्या फोनची घंटी, दारावर टकटक, निरोप घेऊन आलेलं कोणी, उशिरा आलेलं मूल. त्यांच्या हिशेबाने यात वर्षातले १० ते २० दिवस वाया जात होते. आणि या व्यत्ययांचं प्रमाण प्रशासनाला वाटत होतं त्याहून बरंच जास्त निघालं. साहजिक आहे. सूचना पाठवणाऱ्याला ती अर्ध्या मिनिटाची वाटते. चाळीस मुलांचं लक्ष पुन्हा फळ्याकडे यायला लागणारा वेळ त्याच्या हिशेबात नसतो.

हा परिणाम खरंच मोजला गेलाय? किती मोठा आहे?

मोजला गेलाय, आणि त्यावर वादही आहे.

केनेथ लेथवूड आणि सहकाऱ्यांचं २००४ चं एक विधान सगळीकडे उद्धृत होतं: शाळेच्या आतल्या घटकांपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम वर्गातल्या अध्यापनाचा, आणि त्याखालोखाल नेतृत्वाचा. त्यानंतर आकडेवारी आली. ग्रेगरी ब्रँच, एरिक हनुशेक आणि स्टीव्हन रिव्हकिन यांनी टेक्सस राज्याच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा की अतिशय परिणामकारक मुख्याध्यापक असलेल्या शाळेतलं सर्वसाधारण मूल एका वर्षात २ ते ७ महिन्यांचं जास्तीचं शिकतं. जेसन ग्रिसम, ॲना इगालाइट आणि कॉन्स्टन्स लिंडसे यांनी २०२१ मध्ये असे सहा अभ्यास एकत्र केले. १०० मुख्याध्यापक गुणवत्तेनुसार रांगेत उभे केले आणि खालून २५ व्या क्रमांकावरच्या जागी ७५ व्या क्रमांकावरचे आणले, तर मुलांना वर्षाला गणितात २.९ आणि वाचनात २.७ महिन्यांचा फायदा होतो, असा त्यांचा हिशेब आहे. चांगला शिक्षक आपल्या वर्गाला साधारण एवढाच फायदा करून देतो, पण तो त्याच्या वर्गापुरता. मुख्याध्यापकांचा सगळ्या शाळेला होतो.

आता दुसरी बाजू. ब्रेंडन बार्टानेन आणि सहकाऱ्यांनी अलीकडे दाखवलं आहे की शाळेच्या इतर चढउतारांतून मुख्याध्यापकांचा वाटा वेगळा काढणं फार अवघड आहे आणि जुन्या पद्धतींतून येणारे आकडे फुगलेले असू शकतात. त्यामुळे '२.९ महिने' हा आकडा भाषणात ठणकावून सांगण्याआधी थोडं थांबावं. दिशा पक्की आहे, माप अजून पक्कं नाही.

शैक्षणिक नेतृत्व महत्त्वाचं की व्यवस्थापन?

हा वाद जुना आहे, आणि गेली काही दशकं व्यवस्थापनाला जरा खालच्या पंगतीत बसवलं गेलं. 'मुख्याध्यापक हे आधी शैक्षणिक नेते असावेत' हे वाक्य प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. चुकीचं नाही ते. पण त्याचा अर्थ 'बिलं, दुरुस्ती, वेळापत्रक ही कारकुनी कामं' असा घेतला गेला, तिथे गडबड झाली.

ग्रिसम आणि सुझॅना लोएब यांनी मायामी-डेड या अमेरिकेतल्या मोठ्या शालेय जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना ४२ कामांची यादी दिली आणि प्रत्येक काम आपल्याला किती चांगलं जमतं ते विचारलं. उत्तरांतून कौशल्यांचे पाच गट निघाले: अध्यापनाचं व्यवस्थापन, शाळेतले अंतर्गत संबंध, संघटन-व्यवस्थापन, प्रशासन आणि बाहेरचे संबंध. मग हे गट मुलांच्या प्रगतीशी ताडून पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना खटकला. पाचांपैकी फक्त संघटन-व्यवस्थापन हे मुलांच्या प्रगतीशी सातत्याने जोडलेलं दिसलं. या गटात काय होतं? इमारत आणि परिसराची देखभाल, पैसा आणि साधनं, सुरक्षित वातावरण, कर्मचाऱ्यांच्या अडचणींकडे लक्ष. स्वतःबद्दल सगळेच बरं बोलतात, ही शंका रास्त आहे. म्हणून सहायक मुख्याध्यापकांकडूनही मूल्यमापन घेतलं होतं, आणि तेही त्याच दिशेने गेलं.

याच मंडळींनी नंतर सुमारे १०० शाळांत मुख्याध्यापकांसोबत दिवसदिवस निरीक्षक ठेवले. अध्यापनाशी निगडित कामांवर त्यांचा जेमतेम १३ टक्के वेळ जात होता, आणि त्यातलं सर्वांत जास्त केलं जाणारं काम होतं वर्गावर्गांतून मारलेला फेरफटका. २०१३ चा निष्कर्ष: अशा फेऱ्यांत जास्त वेळ घालवणाऱ्यांच्या शाळांत मुलांची प्रगती उलट कमी होती, विशेषतः वरच्या वर्गांच्या शाळांत. शिक्षकाच्या शेजारी बसून त्याला घडवण्यात गेलेला वेळ मात्र फळत होता.

व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या संकलित विश्लेषणातही असंच चित्र आहे. शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकांनी स्वतः सहभागी होणं, याचा परिणाम सर्वांत मोठा निघाला: ०.८४ (हे आकडे परिणामाचा आकार सांगतात, आकडा जेवढा मोठा तेवढा परिणाम जास्त). अध्यापनाचं नियोजन, समन्वय आणि मूल्यमापन ०.४२. साधनं विचारपूर्वक लावणं ०.३१, शिस्तशीर आणि आधार देणारं वातावरण ०.२७. वरवर पाहता शेवटचे दोन आकडे लहान आहेत. पण त्यांच्याशिवाय पहिला शक्य होतो का, हे विचारून बघा. शिक्षकांसोबत शिकायला बसायचं तर त्या तासाला त्यांचे वर्ग कोणी तरी सांभाळावे लागतात, आणि ती सोय आपोआप होत नाही.

वेळापत्रकात इतकं काय आहे? दरवर्षी तेच तर असतं.

तेच असतं, हीच तर अडचण आहे. बहुतेक शाळांचं वेळापत्रक शिक्षकांच्या सोयीनुसार कधी तरी बसवलेलं असतं आणि मग ते परंपरेने चालत राहतं.

एक हिशेब करून पाहा. पहिली तासिका ३५ मिनिटांची आहे. प्रार्थना लांबते, मुलं रांगेने वर्गात येतात, हजेरी होते, कोणाची वही नाही, कोणाचं दप्तर भिजलंय. फळ्यावर पहिलं अक्षर पडेपर्यंत ८ मिनिटं जातात. शाळेचे २०० दिवस धरले तर १,६०० मिनिटं झाली. म्हणजे त्याच विषयाच्या पंचेचाळीस तासिका. आणि पहिल्या तासिकेला रोज भाषाच असेल, तर भाषेचाच हा सगळा तोटा. कोणत्याही मुख्याध्यापकांनी ठरवून हे केलेलं नसतं. पण दोन गोष्टी त्यांच्या हातात आहेत: प्रार्थना किती वाजता संपणार हे घड्याळाकडे बघून ठरवणं, आणि पहिल्या तासिकेचा विषय वारानुसार फिरता ठेवणं.

आणखी एक गोष्ट वेळापत्रकातूनच होते. तिसरीच्या तिन्ही तुकड्यांना चित्रकला, खेळ किंवा संगीत एकाच वेळी लावता आलं, तर तिसरीचे तिन्ही वर्गशिक्षक आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसू शकतात. त्यासाठी चित्रकलेच्या शिक्षकांचं वेळापत्रक आधी बसवावं लागतं आणि बाकीचं त्याभोवती. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: मुख्य विषय आधी भरतात, उरलेल्या खिडक्यांत चित्रकला कोंबतात, आणि मग 'शिक्षकांना एकत्र बसायला वेळच मिळत नाही' अशी तक्रार वर्षभर चालते.

शिक्षक रजेवर असले की वर्गाचं काय करायचं?

शाळेची घडी कशी बसली आहे हे अशा सकाळीच कळतं. शाळा भरायच्या वीस मिनिटं आधी फोन येतो: 'ताप आहे, आज येता येणार नाही.' एका शाळेत या फोननंतर दोन वर्ग एकत्र बसवले जातात, साठ-सत्तर मुलांना 'पान तेवीस उतरवून काढा' सांगितलं जातं, आणि दोन्ही वर्गांचा दिवस जातो. दुसऱ्या शाळेत कपाटात त्या इयत्तेची बदली-फाईल असते: एका दिवसाला पुरेल एवढे सरावाचे कागद, गोष्टीचं पुस्तक, मुलांच्या गटांची यादी, आणि कोणत्या मुलाला चष्मा घालायची आठवण करावी लागते याचीही नोंद. कोणत्या तासिकेला कोण जाणार याचा तक्ता आधीच लावलेला असतो, त्यामुळे 'मीच का?' हा वाद सकाळी होत नाही.

ती फाईल एका दुपारी तयार होते. अवघड असतं ते दर दोन महिन्यांनी ती नवी आहे का हे बघणं. सुरुवात सगळेच करतात.

प्राथमिक शाळेत हे माध्यमिकपेक्षा वेगळं आहे का?

हो. लहान मुलांचा दिवस बहुतेक एकाच शिक्षकाच्या हातात असतो. माध्यमिकमध्ये एक विषय कच्चा राहिला तर तो एक विषय राहतो. प्राथमिकमध्ये वर्गशिक्षकाची निवड चुकली तर मुलाचं अख्खं वर्ष जातं. म्हणून कोणत्या शिक्षकाला कोणती इयत्ता द्यायची, हा प्राथमिक मुख्याध्यापकांचा वर्षातला सर्वांत मोठा निर्णय आहे असं मी मानतो. अनेक ठिकाणी अनुभवी शिक्षकांना वरचे वर्ग दिले जातात आणि नवख्यांना पहिली, कारण वरच्या वर्गाला मान असतो. वाचनाचा पाया मात्र पहिली-दुसरीत पडतो. तिथे पक्के शिक्षक द्यायचे तर मुख्याध्यापकांना ज्येष्ठांची नाराजी पत्करावी लागते.

अहवाल, माहिती, परिपत्रकं यातच दिवस संपतो. मग हे सगळं करायचं कधी?

ही तक्रार खरी आहे आणि ती फक्त कौशल्याच्या बळावर सुटणारी नाही. वरून एकच माहिती चार वेळा चार नमुन्यांत मागवली जात असेल, तर तो दोष वरच्या व्यवस्थेचा आहे. तरी जे हातात आहे ते एवढं: माहिती एकदाच, एकाच ठिकाणी भरून ठेवायची. मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे फोन, हजेरीचे आकडे यांची एक मूळ यादी असेल तर प्रत्येक नमुन्यासाठी वर्गशिक्षकांना तासिकेतून उठवावं लागत नाही. आणि कागदांची कामं ठरावीक वेळी, शक्यतो शाळा सुटल्यावर. मुलं शाळेत असताना ऑफिसात बसायचं, हा उलटा व्यवहार आहे.

कामं वाटून द्यावीत का? शिक्षकांवर बोजा वाढत नाही का?

द्यावीत, पण काम दिलं तर अधिकारही द्यावा. ग्रंथालय एका बाईंकडे सोपवलं आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, तर ते काम वाटणं झालं नाही. ज्यांच्याकडे किल्ली आहे, पुस्तक फाटलं तर ते रद्द करायचा हक्क आहे आणि आठवड्याला एक तासिका मोकळी आहे, त्याच हे काम नीट करतील. त्यांना मधेमधे विचारत राहू नये, एवढंही पुरतं. तीन गोष्टी मात्र मुख्याध्यापकांनी दुसऱ्याकडे देऊ नयेत: मुलांची सुरक्षितता, पैशांचा अंतिम हिशेब, आणि एखाद्या शिक्षकाला 'हे जमत नाहीये' असं सांगणं.

शिक्षकांच्या बैठका किती आणि कशा घ्याव्यात?

सूचना वाचून दाखवायला बैठक घेऊ नये, त्या फळ्यावर किंवा ग्रुपवर टाकाव्यात. बैठक मुलांच्या वह्यांवर घ्यावी. एका इयत्तेच्या दहा वह्या टेबलावर ठेवल्या की चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

शाळा विकास आराखडा केला की गुणवत्ता वाढते का?

नुसत्या आराखड्याने वाढत नाही, आणि याला भक्कम पुरावा आहे. मध्य प्रदेशात 'शाला सिद्धी' नावाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. शाळांचं मूल्यांकन करायचं, प्रत्येक शाळेचा स्वतंत्र सुधारणा आराखडा करायचा आणि अधिकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा करायचा, अशी योजना होती. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी या कार्यक्रमात घेतलेल्या आणि न घेतलेल्या शाळांची काटेकोर तुलना केली. मूल्यांकनं झाली, आराखडे तयार झाले. शाळेचं कामकाज, शिक्षकांचे प्रयत्न आणि मुलांचं शिकणं यांत मात्र फरक दिसला नाही. कागदावरची पूर्तता दिसत असल्याने कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि तसाच नमुना पुढे देशभर नेला गेला.

माझ्या वाचनात संघटनकौशल्याच्या विषयावर यापेक्षा डोळे उघडणारा अभ्यास दुसरा नाही. आराखडा असणं आणि सोमवारी सकाळी पहिलीच्या वर्गात काही तरी वेगळं घडणं, यांच्यामध्ये एक माणूस लागतो जो ठरलेलं काम झालं की नाही हे दर आठवड्याला विचारेल आणि नाही झालं तर अडचण सोडवेल. तो नसेल तर आराखडा ही आणखी एक फाईल.

अधिकारच हातात नसतील तर कौशल्याचा काय उपयोग?

नेमणुका, बदल्या, पगार हे मुख्याध्यापकांच्या हातात नसतात, हे अनेक सरकारी शाळांचं वास्तव आहे. निक ब्लूम, रेनाटा लेमॉस आणि सहकाऱ्यांनी भारतासह आठ देशांतल्या १,८०० हून जास्त शाळांचं व्यवस्थापन २० निकषांवर तपासलं. त्या माध्यमिक शाळा होत्या, तरी निष्कर्ष इथे उपयोगी आहे. व्यवस्थापन चांगलं असलेल्या शाळांत मुलांचे निकाल चांगले होते. स्वायत्तता असलेल्या सरकारी शाळांचं व्यवस्थापन नेहमीच्या सरकारी आणि खासगी शाळांपेक्षा सरस होतं, पण त्यामागे नुसती मोकळीक नव्हती. निकालाबद्दल मुख्याध्यापकांना कोणाला तरी उत्तर द्यावं लागत होतं आणि शाळेची दिशा त्यांना स्पष्ट होती, याचा वाटा मोठा निघाला. भारताचे गुण त्या यादीत सर्वांत खाली होते.

तेव्हा अधिकारांची मागणी रास्त आहे. पण वर्ग कोणाला द्यायचा, घंटा कधी वाजणार आणि तासिका चालू असताना निरोप पाठवायचा की नाही, यासाठी बहुधा कोणाची परवानगी लागत नाही.

मुख्याध्यापक कडक असावेत का?

वेळेच्या बाबतीत कडक, माणसांच्या बाबतीत नको. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोच्या प्राथमिक शाळांत वर्षानुवर्षं अभ्यास केला. शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांचा एकमेकांवर विश्वास असलेल्या शाळा सुधारण्याची शक्यता बरीच जास्त होती. धाकाने मस्टर वेळेवर भरतं, पण शिक्षक आपली अडचण सांगायचे बंद होतात. मग वर्गात काय चाललंय हे मुख्याध्यापकांना सर्वांत शेवटी कळतं.

हे कौशल्य शिकवता येतं का?

येतं, पण ते टिकवावं लागतं. रोलंड फ्रायर यांनी ह्यूस्टनमध्ये काही मुख्याध्यापकांना दोन वर्षांत ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं: पाठनियोजन कसं तपासायचं, चाचण्यांची आकडेवारी कशी वापरायची, निरीक्षणानंतर शिक्षकाशी काय बोलायचं. पहिल्या वर्षी मुलांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी परिणाम बराचसा विरला. जे मुख्याध्यापक शाळेत टिकले त्यांच्या शाळांत फायदा जास्त दिसला. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून काय हाती लागत असेल, याचा अंदाज यावरून यावा.

मुख्याध्यापक वारंवार बदलले तर?

नुकसान होतं. तारा बेटेल, डेमेट्रा कॅलोग्रिडीस आणि लोएब यांच्या २०१२ च्या अभ्यासात मुख्याध्यापक बदलले की शिक्षकही जास्त संख्येने शाळा सोडतात आणि मुलांची प्रगती मंदावते असं दिसलं. बदली टाळणं हातात नसेल तर निदान कामाची नोंद मागे ठेवता येते: कोणत्या मुलांवर लक्ष ठेवायचंय, कोणती दुरुस्ती अर्धवट आहे, कोणत्या शिक्षकाला काय कबूल केलंय. प्रभार देताना दिल्या-घेतल्या जाणाऱ्या याद्यांत कपाटं आणि खुर्च्या असतात, ही माहिती बहुधा नसते.

'मुख्याध्यापकांची कौशल्यं आणि गुणवत्ता यांत लक्षणीय सहसंबंध आढळला' असं प्रबंधात वाचलं. मानायचं का?

आधी पद्धत बघा. अशा अनेक प्रबंधांत एकच प्रश्नावली त्याच शिक्षकांना देतात. 'मुख्याध्यापक नियोजन चांगलं करतात' आणि 'आमच्या शाळेची गुणवत्ता चांगली आहे' या दोन्ही विधानांना एक ते पाच गुण द्यायचे. ज्या शिक्षकाला शाळा आवडते तो दोन्हीकडे चार-पाच देतो, ज्याचं बिनसलंय तो दोन्हीकडे दोन. सहसंबंध येणारच. तो शिक्षकाच्या मनःस्थितीचा सहसंबंध असतो. मुलं काय शिकली हे अशा कामात कुठेच मोजलेलं नसतं.

शिवाय उलटी दिशाही असते. आधीच चांगल्या चाललेल्या शाळेत मुख्याध्यापक कुशल वाटतात, कारण रोज भांडणं सोडवण्यात त्यांचा वेळ जात नाही. तुम्ही स्वतः प्रबंध लिहीत असाल तर गुणवत्तेचं माप वेगळ्या ठिकाणाहून घ्या: मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावा, मस्टरमधून हजेरी काढा, वर्गात बसून शिकवण्याची मिनिटं मोजा. आठ शाळांतून असं काम झालं तरी दोनशे प्रश्नावल्यांपेक्षा ते मोलाचं ठरेल.

पालक म्हणून आम्हाला हे कसं ओळखता येईल?

शाळा भरल्यानंतर पंधरा मिनिटांनी आवारात जा. किती वर्ग शिकवत आहेत, ऐकून कळतं. मूल दोन दिवस गैरहजर राहिलं तर घरी फोन येतो का, तेही बघा. आणि तक्रार घेऊन गेलात तर काय होतं? 'बघतो' एवढंच ऐकू येतं, की कोण, कधीपर्यंत बघणार हेही सांगतात?

पहिल्यांदाच मुख्याध्यापक झालोय. सुरुवात कुठून करू?

पहिल्या आठवड्यात काही बदलू नका. रोज एका वर्गात पूर्ण दिवस नाही तर निदान दोन तासिका मागच्या बाकावर बसा आणि फक्त लिहा: शिकवणं किती वाजता सुरू झालं, मध्ये कोण आलं, कशासाठी आलं. आठवड्याच्या शेवटी यातले किती व्यत्यय तुमच्या ऑफिसातून निघाले होते ते मोजा. ते आधी बंद करा. शिक्षकांना नव्या साहेबांचा किंवा बाईंचा पहिला हुकूम स्वतःवर नसून ऑफिसवर आहे हे दिसलं, की पुढच्या गोष्टी बोलायला सोप्या जातात.

दोन शिक्षकांची शाळा आहे. मीच मुख्याध्यापक, मीच वर्गशिक्षक. मला यातलं काय लागू होतं?

निरीक्षणं, बैठका, कामवाटप हे बहुतेक बाजूला ठेवा. तुमच्याकडे दोन खोल्यांत चार-पाच इयत्ता आहेत, त्यामुळे तुमचं सगळं संघटन म्हणजे एकाच वेळी एका गटाला शिकवणं आणि बाकीच्यांना अर्थपूर्ण कामात ठेवणं. स्वाध्यायाची पत्रं इयत्तेनुसार न करता पातळीनुसार करा, म्हणजे चौथीतलं मागे पडलेलं मूल दुसरीच्या गटात न लाजता बसू शकेल. तुम्हाला बैठकीला बाहेर जावं लागेल ते दिवस आधीच सहकाऱ्याला सांगून ठेवा. त्या दिवशी नवा धडा न घेता वाचन आणि उजळणी ठेवा, आणि दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं ठेवा.